आपा, आम्हाला दोघांनाच जायचंय

या महिन्यात आलेल्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा आला: नवरा-बायकोने दोघांनीच एक-दोन रात्री कुठेतरी जाऊन यायचं तर कुठे, कसं, आणि दीन (धर्म) सांभाळून जमतं का. त्यातली चार पत्रं घेतलीयत. नावं छापत नाहीये आणि गावंही मोघमच ठेवलीयत, कारण आपल्या किनाऱ्यावर गाव सांगितलं की घर कळतं.

प्रश्न: अस्सलामु अलैकुम आपा. मी बाणकोट खाडीच्या काठच्या गावात राहते, लग्नाला चार वर्षं झाली, हे कुवेतला असतात. जानेवारीत चाळीस दिवसांच्या सुट्टीवर येतायत. मागच्या सुट्टीत पहिला आठवडा भेटायला येणाऱ्यांत गेला, मग नणंदेचं लग्न, मग बँकेची आणि जमिनीची कामं, आणि जायच्या आदल्या रात्री बॅग भरताना आम्ही दोघं पहिल्यांदा निवांत बोललो. या वेळी दोन दिवस तरी बाहेर जायचंय, डोक्यात महाबळेश्वर आहे. सासूबाई म्हणतात घर सोडून हॉटेलात कशाला, लोक काय म्हणतील. जेवणाचं, नमाजचं काय करायचं? मी बुरखा घालते, लोक बघत बसतील का? आणि हॉटेलवाले लग्नाचा कागद मागतात का?

उत्तर: व अलैकुम अस्सलाम. पोरी, तुझं बॅग भरण्याचं वाक्य वाचून मी पत्र बाजूला ठेवलं आणि थोड्या वेळाने परत उचललं. आखातात माणूस असलेल्या आपल्याकडच्या किती घरांत हेच चाललंय, सुट्टी सगळ्यांची होते आणि बायकोच्या वाट्याला उरलेली येते. म्हणून आधी सांगते, जा. नक्की जा, आणि चोरी केल्यासारखं तोंड करून जाऊ नकोस.

सासूबाईंशी वाद घालू नकोस, त्यांचा मुलगापण चाळीस दिवसांसाठीच आलाय, त्यांनापण तो हवाय. विषय त्याने काढायचा, तू नाही. त्याने आईजवळ बसून सांगावं की अम्मी, दोन रात्री आम्ही जाऊन येतो, मंगळवारी रात्री जेवायला घरी आहोत. एवढं ठरलेलं सांगितलं की आयांची काळजी निम्मी होते. आणि लोकांचं म्हणशील तर आपल्या रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी प्रवासात हजरत आयेशांबरोबर धावायची शर्यत लावली होती, एकदा त्या जिंकल्या, पुढे कधीतरी परत शर्यत झाली तेव्हा ते जिंकले आणि म्हणाले की ही त्या वेळची परतफेड. बरोबरच्या लोकांना त्यांनी पुढे जायला सांगितलं होतं, म्हणजे दोघांना एकटं राहता यावं एवढी सोय त्यांनी करून घेतली. हे सासूबाईंना सांग, त्यांना नक्की आवडेल.

आता महाबळेश्वर. तुमच्यासाठी मलाही तेच बरोबर वाटतं, आणि जवळ आहे एवढंच कारण नाही. तुमच्या दारातली सावित्री तिथूनच निघते, वरून उतरते ती पोलादपूर, महाड करत बाणकोटला समुद्राला मिळते. इंग्रजही तुमच्याच दारावरून वर गेले. १८२९ मध्ये गव्हर्नर जॉन माल्कमने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ती जागा घेतली, गावाला माल्कम पेठ नाव पडलं, आणि उन्हाळ्यात मुंबईचं सरकारच तिकडे जाऊन बसायला लागलं. मुंबईहून येणारे साहेब-मडमा बोटीने बाणकोटला यायच्या, सावित्रीतून वर दासगाव-महाडपर्यंत, आणि मग पालखी, घोडा. पोलादपूरहून वर जाणारा आंबेनळी घाटाचा गाडीरस्ता १८७६ चा, तेव्हा त्याला फिट्झगेराल्ड घाट म्हणायचे. तर तुम्ही मंडणगड, म्हाप्रळ, महाड, पोलादपूर करत जाल ना, तो जवळजवळ त्यांचाच रस्ता आहे.

घाट दिवसाच चढा. पोलादपूर ते महाबळेश्वर ४० किलोमीटरच्या आसपास आहे पण वळणं खूप, रात्री दाट धुकं असतं, आणि पावसाळ्यात तर दरडी येऊन रस्ता बंदच होतो (जून ते सप्टेंबरात सुट्टीवर येणाऱ्यांनी या घाटाच्या नादाला लागू नये). ज्यांना गाडी लागते त्यांनी पोलादपूरलाच हलकं खाऊन घ्यायचं, वर भरल्या पोटी निघायचं नाही. एसटीने गेलात तर तुझं तिकीट अर्धं, २०२३ पासून बायकांना एसटीत निम्मं भाडं आहे. पण वरती पॉइंट लांब लांब आहेत, म्हणून घरची गाडी असेल तर बरी.

कधी जायचं? लोक शुक्रवार ते रविवार जातात, तुम्ही नका जाऊ. त्याला सुट्टीच आहे, शनिवार-रविवारची अट कशाला पाळायची? रविवारी सकाळी निघा, मंगळवारी परत या, दर उतरलेले असतात, बाजार मोकळा असतो. ख्रिसमस ते एक जानेवारी अजिबात नको. जानेवारीचा दुसरा आठवडा चांगला, स्ट्रॉबेरी भरात असते, थंडी कडक असते, वेण्णा तलावाच्या बाजूला कधी कधी पहाटे दव गोठून पांढरं होतं. आणि शुक्रवारीच निघायचं असेल कुणाला, तर जुम्मा (शुक्रवारची दुपारची नमाज) करून मगच निघा. शाफई पंथात जुम्याच्या दिवशी फजर (पहाटेची नमाज) झाल्यावर जुम्मा चुकेल असा प्रवास काढत नाहीत.

हॉटेल घेताना एक गोष्ट कुणी विचारत नाही आणि नंतर त्यावरूनच सगळं बिनसतं, ती म्हणजे पहाटेचं गरम पाणी. बऱ्याच हॉटेलात गरम पाणी सकाळी सात ते दहा असं ठरलेलं असतं. जानेवारीत फजर पावणेसहाच्या सुमाराला लागते आणि सातनंतर सूर्य उगवतो. नवरा-बायको दोघं गेलीयत, गुस्ल (अंगभर अंघोळ) लागणार, आणि त्या थंडीत गार पाण्याने अंघोळ म्हणजे एक तर आजारी पडाल नाहीतर फजर जाईल, आणि फजर गेली की दिवसभर मनाला टोचणी लागते, मग कसलं फिरणं आणि कसलं काय. म्हणून फोनवर सरळ विचारायचं, खोलीत स्वतंत्र गीझर आहे का, पहाटे पाच वाजता चालतो का. लाजायचं काही नाही, त्याने विचारावं, कारण सांगायचीपण गरज नाही. हे पक्कं झालं की मगच पैसे पाठवायचे, बाल्कनी आणि व्ह्यू नंतर बघा.

कागदांचं विचारलंस. दोघांचं आधार किंवा दुसरं फोटो असलेलं ओळखपत्र लागतं, निकाहनामा दाखवायलाच पाहिजे असा कायदा नाही. पण तुझ्या आधारवर अजून माहेरचं नाव असेल तर काउंटरवर उगीच प्रश्न येतात, म्हणून निकाहनाम्याचा फोटो मोबाइलमध्ये असू दे. माझ्या ओळखीच्या एका जोडप्याला एका हॉटेलात नाव ऐकल्यावर खोली नाही म्हणून सांगितलं होतं, बुकिंग असूनही. असं झालं तर भांडत रात्र घालवू नका. आधीच पैसे भरलेलं बुकिंग, त्याची पावती, आणि दुसऱ्या एका जागेचा नंबर जवळ असला की पुरे. एमटीडीसीचं रिसॉर्ट तिथे आहे, ते सरकारी आहे, साधं आहे, झाडांत आहे, मला ते आवडतं.

जेवणाचं सोपं आहे. गुजराती-मारवाडी शाकाहारी हॉटेलं ढीगभर आहेत, तिथे काळजीच नाही. मटण-चिकन खायचं तर बाजारपेठेत आपल्या लोकांची हॉटेलं आहेत, मशीदही बाजारातच आहे, जोहरला (दुपारच्या नमाजला) गेलेल्या नवऱ्याने बाहेर निघताना नमाजींनाच विचारावं की हलाल चांगलं कुठे मिळतं, त्यापेक्षा खात्रीचा पत्ता दुसरा नाही. पण प्रत्येक जेवणाला मटण शोधत फिरू नका, दोन दिवस थालीवर काढलेत तर काही बिघडत नाही आणि वेळ वाचतो. पहिल्या दिवसासाठी घरून तांदळाच्या रोट्या आणि सुकं खिमा बांधून ने, सासूबाईंना करायला सांग, म्हणजे त्यांचापण हात या ट्रिपला लागला. जेली, टॉफी घेताना पाकिटावर हिरवा ठिपका बघायचा, म्हणजे जिलेटिनची शंका राहत नाही. हनिमून पॅकेजमध्ये वेलकम ड्रिंक, केक असलं काय काय असतं, त्यात दारू नको हे आधीच सांगून टाका, आणि बार चालू असलेल्या हॉलमध्ये कॅण्डल लाइट डिनर घेण्यापेक्षा खोलीत किंवा गच्चीत जेवण मागवा. तेच जास्त छान होतं, खरंच.

आता नमाज, आणि इथे मला जरा बसून सांगायचंय कारण बऱ्याच जोडप्यांची ट्रिप याच धावपळीत जाते. आपण कोकणी बहुतेक शाफई. शाफईंना प्रवासात कस्र (चार रकातींची नमाज दोनच पढणं) पण आहे आणि जमा (दोन नमाज एकत्र पढणं) पण आहे. अंतर साधारण ८२ किलोमीटर धरतात, तुमच्या गावापासून महाबळेश्वर त्याच्या बरंच पलीकडे आहे, आणि मुक्काम दोन रात्रींचाच, तर तुम्ही मुसाफिर झालात (महाड-पोलादपूरच्या बहिणींना ही सवलत नाही बसत, त्यांना जवळ पडतं). तरी निघायच्या आधी आपल्या मशिदीच्या मौलानांकडून एकदा पक्कं करून घ्या. मग असं करायचं: दुपारी जेवून खोलीवर या, जोहर दोन आणि असर (दुपारनंतरची नमाज) दोन रकात एकत्र पढा, जरा आडवे व्हा, आणि चारला बाहेर पडा. संध्याकाळ मोकळी. बॉम्बे पॉइंटला सूर्यास्त बघायला सगळं गाव लोटतं, जानेवारीत सूर्य सव्वासहाच्या आसपास बुडतो, आणि नेमकी तीच मगरिबची वेळ. बाकीचे आपले लोक सूर्य टेकला रे टेकला की पळत सुटतात गाडीकडे. तुम्ही मगरिबच्या वेळातच मनात नीयत करा की मी ही इशाबरोबर (रात्रीच्या नमाजबरोबर) पढणार, आणि अंधार पडेपर्यंत तिथेच बसा, खाली आपलं कोकण निळं होत जाताना बघा. हॉटेलवर येऊन मगरिब तीन आणि इशा दोन.

तिथेच पढावंसं वाटलं तर गर्दीतून थोडं बाजूला होऊन मुसल्ला टाका. किबला (नमाजची दिशा) पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला, पण जानेवारीत सूर्य बराच दक्षिणेकडे बुडतो, म्हणून जिथे सूर्य गेला तिथून बऱ्यापैकी उजवीकडे वळायचं. मोबाइलला रेंज नसली तरी एवढं लक्षात ठेवलं की झालं.

आणि हो, वुजू (नमाजआधी हात-तोंड-पाय धुणं). आपल्यात नवरा-बायकोच्या उघड्या हाताला हात लागला की वुजू जातो, हे तुला माहीतच आहे, आणि म्हणून माझ्या पाहण्यातली कितीतरी जोडपी फिरायला जाऊनसुद्धा एकमेकांपासून हातभर लांब चालतात. नका असं करू. तिथे थंडी असते, दोघांनी लोकरीचे हातमोजे घाला आणि खुशाल हात धरून चाला, मध्ये कापड असलं की वुजू शाबूत. नाहीतर हात धरा आणि नमाजच्या वेळी परत वुजू करा, बाटलीभर पाणी गाडीत असू द्या.

काय बघायचं यात सगळे पॉइंट उरकायच्या मागे लागू नका. टॅक्सीवाले यादी दाखवतात, त्यातले बरेच एकाच दरीच्या वेगवेगळ्या कडा आहेत. मी दोनच सांगेन. पहाटे फजर करून विल्सन पॉइंटला जा, सगळ्यात उंच जागा ती, सूर्योदय तिथूनच, आणि त्या वेळेला माणसं कमी असतात. दुसरं आर्थर सीट. खाली सावित्रीचं खोरं दिसतं. आर्थर मॅलेट म्हणून इंग्रज अधिकारी होता, त्याची बायको आणि तान्ही मुलगी बाणकोटजवळ होडी बुडून गेली, बाणकोटच्या किल्ल्यापाशी त्यांचं स्मारक आहे, तू बघितलंही असशील. सांगतात की तो त्या कड्यावर येऊन नदीकडे बघत बसायचा, म्हणून त्या जागेला त्याचं नाव. तुम्ही नदीच्या त्या टोकाची माणसं, या टोकाला उभे राहाल, तेव्हा त्या दोघींसाठी आणि सगळ्या समुद्रात गेलेल्यांसाठी मनात थोडं थांबा. तिथे वारा खालून वर येतो, हलकी वस्तू दरीत टाकली तर परत वर येते, म्हणून नकाब आणि ओढणीला दोन पिना जास्त लाव. माकडं फार, हातात पिशवी ठेवू नकोस.

बुरख्याचं म्हणशील तर पुण्या-मुंबईच्या, हैदराबादच्या बुरख्यातल्या बायका तिथे भरपूर असतात, कुणी बघत बसत नाही. वेण्णा तलावात होडीत बसा, दोघांचीच घ्या, घोडेवाल्याशी आणि होडीवाल्याशी दर आधी ठरवा. हा तलाव साताऱ्याच्या राजांनी १८४२ मध्ये बांधला. काठावर लाल गाजरं आणि मुळे मिळतात, मक्याचं कणीस, स्ट्रॉबेरी. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये जीआय मानांकन मिळालंय, क्रीम घातलेली गाड्यावर महाग पडते, त्यापेक्षा मळ्यावरून टोपलीच घ्या. आणि घरी न्यायला मध. जवळच्या मांघर गावाला २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर केलंय, बाजारात मधपाळांच्या सोसायटीचा मध मिळतो, तो घ्या, रस्त्यावर बाटलीत विकतात तो नको. पहिली बाटली सासूबाईंच्या हातात दे.

प्रश्न: आपा, आमची मंगनी झालीय, निकाह मे महिन्यात आहे. त्यांचं म्हणणं की आताच दोघं एक दिवस लोणावळ्याला जाऊन येऊ, घरी सांगायचं नाही. मला जावंसं वाटतं आणि वाटतही नाही.

उत्तर: नाही म्हण. तुझं मन तुला बरोबर सांगतंय. मंगनी म्हणजे निकाह नाही, एकांत अजून तुमचा झालेला नाही, आणि जे घरी सांगता येत नाही त्यात तुलाच जास्त सोसावं लागेल. त्याला गोडीत सांग की मेमध्ये निकाह झाल्यावर पहिल्या आठवड्यात तू म्हणशील तिथे येते. बोलायचं असेल काही, घर कुठे, नोकरी कुठे, आई-वडिलांबरोबर राहायचं का, तर तुझ्या भावाला किंवा खालाला बरोबर घेऊन घरातच बसा, हे सगळं निकाहच्या आधी बोलायलाच पाहिजे. त्याने रागावून बसायचं ठरवलं तर तेही आताच कळलेलं बरं.

प्रश्न: आम्ही अलिबागजवळ राहतो, दोघंही नोकरीला, मी शाळेत, हे बँकेत. शनिवार-रविवारच मिळतो, तोही सगळे शनिवार नाही. गाड्यांचा आवाज, ट्रॅफिक, मॉल यातलं काही नको. आणखी एक, मी शाफई, हे हनफी, बाहेर गेलं की नमाजच्या वेळेवरून आमची कुरबुर होते.

उत्तर: तुम्ही माथेरानला जा. पेण, खोपोली, कर्जत करत नेरळ, आणि वर दस्तुरी नाक्यापर्यंतच गाडी जाते. तिथे गाडी ठेवायची, पुढे मोटारगाडीला बंदी. पायी, घोड्यावर, नाहीतर अमन लॉजहून माथेरानला जाणारी छोटी रेल्वेगाडी. हल्ली ई-रिक्षा पण आहेत, शाळेतल्या मुलांना आणि म्हाताऱ्यांना त्याची फार सोय झाली, तुम्ही तरुण आहात, चालत जा.

१८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने ही जागा नावारूपाला आणली, जुने बंगले, लाल वाटा, झाडी सगळं त्या काळातलं. पण तिथे जाऊन मला दर वेळी आठवतो तो कुणी साहेब नाही, आदमजी पीरभॉय. नेरळ-माथेरान रेल्वे या बोहरा मुसलमान घराण्याने बांधली, मुलगा अब्दुल हुसैन याने काम हातात घेतलं, १९०४ ला सुरू केलं, १९०७ ला गाडी धावली, दोन फुटांचा रूळ, २१ किलोमीटरच्या आसपास वळणावळणाचा डोंगर, आणि खर्च १६ लाख, घरचे. आज माथेरानची पोस्टरं छापतात त्यावर गाडी असते, बांधणाऱ्याचं नाव नसतं. तुम्ही शाळेत शिकवता, मुलांना हे सांगा. त्या मार्गावर एकच बोगदा आहे, छोटासा, त्याला वन किस टनेल म्हणतात, अंधार किती वेळ राहतो त्यावरून ते नाव. नवरा-बायको आहात, मी पुढचं काही लिहीत नाही.

नेरळहून पूर्ण गाडीने जायचं असेल तर तिकिटं थोडी असतात, सकाळी लवकर पोचा, आणि पावसाळ्यात तो भाग बंद असतो, तेव्हा फक्त अमन लॉज ते माथेरान चालू. नेरळहून दोन तासांच्या वर लागतात, शनिवार अर्धा मिळणार असेल तर वर जाताना टॅक्सी आणि रविवारी उतरताना रेल्वे असं करा.

कपड्यांचं सांगते. माती आपल्यासारखीच लाल, जांभ्याची, पण वाटा बऱ्याच मातीच्या आणि घोडे ती उडवत असतात, काळ्या बुरख्याचा घेर पहिल्या तासात लाल होतो. घोट्याच्या जरा वर येईल असा, तपकिरी किंवा मातकट रंगाचा अबाया घे, आणि पायात बूट, चप्पल नको. घोड्यावर बसायचं तर अबायाच्या आत सलवार सैल हवी. घोडेवाल्यांत आपले पुष्कळ लोक आहेत, नमाजची जागा, हलाल जेवण सगळं ते सांगतात, पण दर आधी विचार. शार्लोट लेकचं पाणी प्यायचं आहे गावाला, त्यात पाय घालून बसू नका.

आता कुरबुर. हनफींमध्ये जोहर-असर एकत्र पढत नाहीत, आणि त्यांची असर आपल्यापेक्षा उशिरा लागते. तुझी जमा त्याला पटत नाही, त्याचं थांबणं तुला पटत नाही, असंच ना? मला वाटतं तू त्याच्याबरोबर थांब. जमा ही सवलत आहे, केलीच पाहिजे असं नाही. जोहर खोलीत, मग शार्लोट लेक, लुइझा पॉइंट असं जवळचं फिरा, त्याची असर लागली की तिथेच सावलीत मुसल्ला टाकून दोघं पढा, मग पॉर्क्युपाइन पॉइंटला सूर्यास्त, आणि मगरिब झाल्या झाल्या टॉर्च लावून परत. आतल्या वाटांवर रात्री दिवे नसतात, झाडी दाट आहे, उशीर करू नका. आणि खोलीत इशाची जमात करा, तो पुढे, तू मागे. घरी तो मशिदीत जातो, तू स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एकटी पढतेस, हे दोघांनी मिळून पढणं कुठे होतं? त्याने जरा लांब सूरा घ्यावी, तुला ऐकायला मिळेल.

प्रश्न: मी राजापूरकडचा, वय ६३, बायको ५९. आयुष्यात आम्ही दोघं कधी फिरायला म्हणून गेलो नाही, हज-उमरा सोडून. तिला साखर आहे, पायाला मुंग्या येतात, जास्त चढ-उतार जमत नाही. मुलगा म्हणतो महाबळेश्वरला पाठवतो. मासळीशिवाय तिला जेवण जात नाही. काय करावं?

उत्तर: भाईजान, तुम्ही स्वतः लिहिलंत याचा मला फार आनंद झाला. महाबळेश्वर नको, घाटाची वळणं आणि थंडी दोन्ही भाभींना त्रास देतील. दापोलीला जा. तिथेही इंग्रजांची छावणी होती, जुनी माणसं अजून कॅम्प दापोली म्हणतात, गावात पडकं चर्च आहे, जुन्या बांधणीची घरं आहेत. उंची २४० मीटरच्या आसपास, म्हणजे किनाऱ्यापेक्षा हवा गार पण अंग काकडत नाही, मिनी महाबळेश्वर म्हणतात ते त्यामुळेच. मशिदी जागोजागी, हलालची चिंता नाही.

तळमजल्याची खोली घ्या, कमोड आहे का ते विचारा. संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव असतो, भाभींना घेऊन जा, त्यांना आवडेल ती सुरमई, कोळंबी स्वतः निवडू द्या, घरगुती राहायची सोय असेल तिथे ती करून देतात. कर्दे, मुरुडला वाळू सपाट आहे, तिथे सकाळी चाला. कृषी विद्यापीठ १९७२ चं, त्याच्या बागा बघण्यासारख्या आहेत आणि गाडी आतपर्यंत जाते. उन्हवऱ्याला गरम पाण्याचे झरे आहेत, लोक सांधेदुखीला म्हणून जातात, पण भाभींच्या पायाला मुंग्या येतात म्हणजे त्यांना पाणी किती गरम आहे ते कळणार नाही, त्यांनी पाय त्यात अजिबात सोडू नयेत, भाजलं तर जखम लवकर भरत नाही. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन, मोजे, बंद बूट, आणि पर्समध्ये बिस्किटं. जेवणाच्या वेळा घरच्यासारख्याच ठेवा.

मुलाला सांगा पैसे दे, पण बरोबर येऊ नको, ड्रायव्हर दे. आणि तीन रात्री राहा, दोन नाही. पहिला दिवस तुम्हाला एकमेकांशी काय बोलायचं ते सुचणार नाही, बरीच वर्षं मुलांबद्दलच बोलत आलात ना. दुसऱ्या दिवशी सुचतं.